बसून राहण्याचा पगार

रिकामा बसलेला माणूस आपल्या डोळ्यांत खुपतो. दुकानातला नोकर गल्ल्याशेजारी पेंगू लागला, कचेरीतला कारकून चहाचा पेला घेऊन टेबलाला रेलला, की आपल्या मनात पहिला हिशेब येतो तो त्याच्या पगाराचा. 'फुकटचा खातो' हे शब्द आपल्या जिभेवर तयारच असतात. परंतु काही कामे अशी आहेत, की त्यांत बसून राहणे हेच काम. रेल्वे फाटकावरचा गेटमन, धरणाच्या दरवाज्यापाशी रात्र काढणारा पहारेकरी, प्रसूतिगृहातली रात्रपाळीची नर्स आणि आगीच्या बंबावरचा फायरमन ही सारी त्याच कुळीतली माणसे. बंबावरचा माणूस सावलीत बसून तंबाखू मळतो आहे, याचा अर्थ गावात क्षेम आहे. तो धावत सुटला, म्हणजे कुणाचे तरी घर पेटले. या माणसाला बसून राहण्याचा पगार द्यावा की नाही, हा प्रश्न ऐकायला गमतीचा वाटतो; पण सातारा-सांगलीकडच्या लहान गावांचा जीव त्यात अडकलेला आहे.

मला हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटला नाही. तो आमच्याच घरी जेवायला बसत असे. माझे चुलते (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) एका नगरपालिकेत बंबाचे चालक होते. नेमणूक चालकाची, पण आगीपाशी पोहोचल्यावर चालकाला नुसते चाक धरून बसता येत नाही. पंप चालू करायचा, पाण्याचा दाब सांभाळायचा, आणि नळी धरायला माणूस कमी पडला तर तीही धरायची. रात्रपाळीला तात्यांच्या जोडीला बहुधा एकच माणूस असे, आणि तोही मूळचा पाणीपुरवठ्याकडचा फिटर. उन्हाळ्यात आग नसली, की बंबाला दुसरी कामे लागत. टंचाईच्या गल्लीत पाणी द्यायचे, रस्त्याकडेची झाडे भिजवायची, जयंतीच्या आदल्या दिवशी चौकातला पुतळा धुवायचा.

तात्यांच्या 'बसण्यात' काय काय असते, ते मी सुटीत त्यांच्याकडे डबा घेऊन जात असे तेव्हा पाहिले आहे. सकाळी आल्याबरोबर ते इंजिन सुरू करून काही वेळ चालू ठेवीत. टाकी काठोकाठ भरली आहे ना, हे स्वतः वर चढून पाहत. आदल्या दिवशी वापरलेल्या नळ्या उन्हात पसरीत, कारण ओली नळी गुंडाळून ठेवली की ती कुजते आणि नेमकी आगीच्या तोंडाशी फाटते. जोडांना ग्रीस लावीत. कोणत्या आळीत बंब वळत नाही, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, कोणाच्या गोदामात रॉकेल-डिझेल साठवलेले असते, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. रस्त्याने जाणारा मात्र बाकावर बसलेले तात्याच तेवढे पाही. एकदा मी त्यांना विचारले, "तात्या, लोक बोलतात ते तुम्हाला लागत नाही का?" ते हसले. म्हणाले, "लोक म्हणत्यात ह्यो बसून पगार खातोय. मी म्हंतो, बाबांनो, देवाला नवस करा, मला जलमभर असाच बसून पगार खाऊ दे."

वर्षातून एक दिवस त्यांच्या खात्याला मान मिळे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळतात. त्या सकाळी बंबाला हार पडे, दोन भाषणे होत. दुपारनंतर आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीसाठी बंब उभा ठेवायचा असे, म्हणून भाषणे लवकर आटोपत. रिकाम्या जागा भरण्याविषयी त्या भाषणांत दरवर्षी एक वाक्य असे. ते वाक्य तात्यांच्या निवृत्तीपर्यंत बदलले नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, कृष्णेच्या खोऱ्यात आहे. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका दुपारी आमच्या शिवारात ऊस पेटला. विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पाचटात पडली आणि बघता बघता फडातून जाळ उठला. सर्वांत जवळच्या गावी फोन केला, तर पहिला प्रश्न आला, "जिल्हा कोणता?" मग कळले, की हद्दीबाहेर बंब पाठवायचा तर साहेबांची परवानगी हवी, आणि भाडेही पडेल. दुसरीकडे फोन केला. तिथे बंब उभा होता, परंतु चालक रजेवर होता. शेवटी एका साखर कारखान्याचा बंब आला, तेव्हा तास उलटून गेला होता.

त्या दिवशी तात्या सुटी घेऊन घरी आलेले होते. माणसे ओल्या डहाळ्या घेऊन जाळाच्या तोंडाशी धावत होती, तेव्हा तात्यांनी त्यांना आरडून मागे बोलावले. वाऱ्याचा रोख पाहिला, आणि जाळाच्या पुढे बऱ्याच अंतरावर आडवी पट्टी तोडायला लावली. पंधरावीस कोयते एकदम चालले. तोडलेला ऊस बाहेर ओढून ट्रॅक्टरने पट्टी नांगरून घेतली. जाळ त्या उघड्या मातीपर्यंत आला आणि थांबला. आमच्या भावकीतल्या एका काकूंचा पाऊण एकर ऊस गेला. पुढचे आठ दिवस त्या जळिताला लवकर तोड मिळावी म्हणून चिटबॉयच्या मागे फिरत होत्या, कारण जळलेला ऊस वाळत जातो, वजन घटते आणि बिलात कपात होते ती वेगळीच. परंतु पलीकडचे दोन मळे आणि सात घरांची वस्ती वाचली. बंबावाचून आलेला एक जाणता माणूस त्या दिवशी गावाच्या उपयोगी पडला. माणसावाचून उभा असलेला बंब पडला नाही. तेव्हापासून मी या विषयाचे जे मिळेल ते वाचू लागलो.

वाचताना पहिली गोष्ट कळली ती अशी, की आमचा ऊस कायद्याच्या दृष्टीने कुणाच्याच अंगणात पेटला नव्हता. मोठ्या शहरांच्या महापालिकांवर १९४९ च्या अधिनियमाने अग्निशमन दल ठेवण्याचे बंधन घातले आहे. नगरपालिकांनाही १९६५ च्या अधिनियमाने आग विझवण्याचे कर्तव्य नेमून दिले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जे बारावे परिशिष्ट आले, त्यात अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या यादीत घातली आहे. मात्र त्याच सुमारास ग्रामपंचायतींसाठी जे अकरावे परिशिष्ट झाले, त्यातल्या २९ विषयांत आगीचे नाव नाही. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला, तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. मोठ्या इमारतींच्या मालकांनी दर जानेवारीत आणि जुलैत आपली आगीची यंत्रे चालू असल्याचा दाखला द्यावा, असे त्यात आहे. उसाच्या फडाने आणि कडब्याच्या गंजीने दाखला कुणाला द्यावा? गावाला आग लागली, की शेजारच्या नगरपालिकेच्या भलेपणावर किंवा कारखान्याच्या बंबावर भिस्त.

आता नगरपालिकेच्या बाजूनेही विचार केला पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. बंब विकत घेणे सोपे आहे. त्याला अनुदान मिळते, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना आणली. तीतून नवी केंद्रे, प्रशिक्षण, आधुनिक साधने यांना पैसा मिळतो. उत्तम गोष्ट आहे. पण त्या केंद्रात रात्री झोपणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार त्यात बसत नाही. तो ज्याचा त्याने द्यायचा. आणि नगरपालिकांच्या हाती स्वतःचा पैसा किती? पूर्वी नाक्यावर जकात होती. लोक तिला शिव्या देत, पण ती रोज तिजोरीत पडे. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. घरपट्टी वाढवायची तर निवडणूक आड येते. शिवाय आस्थापनेवर अमुक मर्यादेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, हा दंडक. मग पहिली जागा रिकामी राहते ती बसून राहणाऱ्याची. झाडूवाला चार दिवस नसला तर गावात ओरड होते. फायरमन चार वर्षे नसला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आग लागेपर्यंत.

किती माणसे लागतात, याचा हिशेब एकदा मी तात्यांच्या समोर बसून केला. एका बंबावर चालक, प्रमुख आणि चार फायरमन, अशी सहा माणसे धरू. दिवसाला तीन पाळ्या. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने ४८ तास भरले तर एका जागेला साडेतीन माणसे हवीत. सण, रजा, आजारपण धरले की चार. सहा चोक चोवीस. म्हणजे एकच बंब चोवीस तास जागा ठेवायला चोवीस माणसे लागतात. तात्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्याकडे सगळी मिळून सात माणसे होती.

माणसे मिळत नाहीत, असेही नाही. तात्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, सहा महिन्यांचा अग्निशामकाचा अभ्यासक्रम पुरा केला. घरची म्हैस विकून त्याची फी भरली होती. शिडीवरून माणूस खांद्यावर घेऊन उतरायचे, धुरात पोटावर सरपटायचे, सारे तो शिकला. परत आल्यावर दोन वर्षे जाहिरातीची वाट पाहिली. मध्यंतरी एका ठिकाणी ठेकेदारामार्फत लागला, तर पगार तीन-तीन महिने येईना. आज तो शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षारक्षक आहे. त्याचे हेल्मेट आमच्या माळ्यावर आहे आणि तात्यांची जागा अजून रिकामी आहे. एकाच घरातली ही दोन वाक्ये शेजारी-शेजारी ठेवली, की मला आणखी काही लिहावेसे वाटत नाही.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत आपण यापेक्षा बरे वागलो आहोत, हेही सांगितले पाहिजे. हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली सुरू झाली. आपल्या राज्यात ती जानेवारी २०१४ मध्ये आली. चालवण्याचे काम शासनाने भारत विकास ग्रुप या कंपनीकडे दिले. ९३७ गाड्या, त्यांपैकी २३३ अधिक साधनांच्या आणि ७०४ साध्या. २०११ च्या जनगणनेने भागले तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी पडते. आकडा फार मोठा नाही. तरी एक गोष्ट या योजनेत मुळापासून होती: गाडीबरोबर डॉक्टर आणि चालक चोवीस तास हवेत, हे तिने आधी मान्य केले. अनेक ठिकाणी हे डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर असतात.

आमच्या वस्तीवरच्या एका आजोबांच्या छातीत एका पहाटे कळ आली, तेव्हा अशीच गाडी आली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्राणवायू लावला, नाडी पाहिली, गोळी दिली आणि आजोबांना कराडला पोहोचवले. आजोबा आजही पारावर बसून राजकारण बोलतात. परत जाताना त्या बाईंना कुणीतरी विचारले, "गाडी उभी असते तेव्हा तुम्हाला आरामच असेल, न्हाई?" त्या म्हणाल्या, "काका, गाडी उभी असते तेव्हाच नळकांड्यात प्राणवायू किती उरलाय ते बघायचं असतं." मला वाटले, तात्याच बोलताहेत.

मोठ्या संकटात काय होते, हे या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे तीनशे माणसे गेली. पुढे न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग बसला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बोटीत पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसे होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. ती येते आणि जिवावर उदार होऊन काम करते. परंतु पहिले काही तास गावाचेच असतात. त्या तासांत बोटीत किती माणसे घ्यायची, कुणाला आधी घ्यायचे, दोर कुठे बांधायचा, हे ठरवणारा शिकलेला माणूस गावातच हवा.

यावर काही जण म्हणतात, की आपल्याकडे स्वयंसेवक आहेतच. आहेत, आणि त्यांना नमस्कार केला पाहिजे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस माणसे मरण पावली. त्या दरीत पावसाधुक्यात दोर लावून उतरलेल्यांत महाबळेश्वरचे ट्रेकर होते. हे तरुण एरवी हॉटेलात, दुकानात काम करतात. जगातही अशी उदाहरणे आहेत. चिली देशात १८५१ साली वाल्पराइसो बंदरात पहिले दल निघाले, तेव्हापासून तिथले अग्निशामक बिनपगारी आहेत. जर्मनीतल्या लहान गावांत सुतार, शिक्षक, शेतकरी हेच संध्याकाळी सराव करून बंब चालवतात. पण तिथेही बंब, गणवेश, प्रशिक्षण, विमा यांचा खर्च कुणीतरी उचलतो. माणसाला कामावरून सोडण्याची सोय असते. आपण स्वयंसेवकाला शाल-श्रीफळ देतो आणि दोर त्याचा त्याने आणायचा असतो.

मग पैसा कुठून आणायचा? ज्या मुलखात आपण राहतो, त्याने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. सरकारी खजिन्याची वाट पाहत ते थांबले नाहीत. घराघरांतून मुष्टिफंडाचे मूठमूठ धान्य गोळा झाले आणि त्यावर वसतिगृहातली मुले जेवली. कृष्णाकाठचे साखर कारखाने शेतकऱ्यांच्या भागांतून उभे राहिले. म्हणून मी एक साधा हिशेब मांडतो. चोवीस माणसांना दरमहा वीस हजार पगार धरला, तर वर्षाचे ५७ लाख ६० हजार होतात. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्यापुरते बोलायचे, तर टनामागे सहा रुपयांच्या आतली ही रक्कम आहे. सगळा भार शेतकऱ्यावर टाका, असे मी म्हणत नाही. त्याच्या बिलातून आधीच पुष्कळ कपाती होतात. शासन, नगरपालिका, जिल्हा परिषद, कारखाना, औद्योगिक वसाहत असे पाच वाटेकरी केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती थोडे येते, एवढेच दाखवायचे आहे. अडचण पैशाइतकीच हद्दीचीही आहे. तालुक्याला एक दल, आणि त्याला तालुक्यात सगळीकडे जाण्याची मुभा असली, तर 'जिल्हा कोणता?' हा प्रश्न विचारणारे तरी कमी होतील.

आपल्यापुरतेही काही करता येण्याजोगे आहे. १९६९ पासून महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातले दोन दिवस निवृत्त फायरमनला आणि १०८ च्या डॉक्टरांना बोलवावे. छातीवर दाब कसा द्यायचा, भाजलेल्यावर आधी काय करायचे आणि काय करू नये, फडात आग शिरली तर पट्टी कुठे तोडायची, हे प्रत्येक गावच्या दोन मुलामुलींना आले, तर पहिला तास फुकट जाणार नाही. तात्या यायला तयार आहेत. मी विचारून ठेवले आहे.

आणि दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाच्या सभा होतात. वाहनखरेदीचा आकडा त्यात ठळक असतो. ज्यांच्या गावी नगरपालिका आहे त्यांनी आपल्या नगरसेवकाला गाठून त्या आकड्याच्या खालची ओळ विचारावी: बंबावर आज रात्री किती माणसे आहेत? उत्तर एका दमात मिळाले, तर घरी जाऊन निवांत झोपावे. मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.